बाहेर बसण्याचे दिवस

पाच जूनच्या आसपास मला कुठेतरी हमखास बोलावतात. शाल देतात, नारळ देतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक रोप देतात. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड आवाजात विचारते, "मॅडम, पर्यावरणाची ही आवड आपल्याला कशी लागली?" समोरच्यांची अपेक्षा असते की मी एखादं जंगल सांगावं, चार पक्षी सांगावेत. सोलापूरची म्हटल्यावर निदान एक माळढोक तरी. मी म्हणते, "बाहेर बसून लागली." तरुण मंडळी टाळ्या वाजवतात. माझ्या वयाच्या बायका मात्र एकमेकींकडे बघतात आणि एखादी तोंडाला पदर लावते. त्यांना कळलेलं असतं.

बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या घरात ‘बाहेर’ हा शब्द जपून वापरावा लागे. टमरेल घेऊन निघालेला माणूस बाहेरला जाई. कुणी उगाच हसायला-रडायला लागलं तर त्याला बाहेरचं लागलेलं असे. आणि बाई महिन्यातनं तीन दिवस बाहेर बसे. म्हणजे तिला कावळा शिवलेला असे. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करीपर्यंत तिने कुणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, घरात पाऊल टाकायचं नाही. उगाच, चार पावलं हिंडून यावं म्हणून बाहेर जाणं, हा अर्थ आमच्याकडे फक्त पुरुषांना ठाऊक होता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. घरात आम्ही चौघं: वडील, आई, मी आणि वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका. वडील एका कचेरीत कारकून होते आणि घरी आल्यावरही कारकूनच राहत. येईल त्या हुकमावर मान डोलवायची आणि तो पुढे पाठवायचा. काका विधुर. जवळच्या महादेवाच्या देवळात पूजेला जायचे आणि उरलेल्या वेळात आमच्या घरातल्या सोवळ्याओवळ्याचा न्यायनिवाडा करायचे. आईशी ते थेट कधी बोलले नाहीत. "आमटीत मीठ नाही, असं तिला सांग," हे ते मला सांगत आणि आई तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असे.

काकांनी घरात नळ घेऊ दिला नव्हता. गल्लीत बहुतेकांकडे नळ आले होते. आमच्याकडे नाही, कारण नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो. मेल्या जनावराच्या कातड्याला लागून आलेलं पाणी देवाच्या डोक्यावर कसं घालायचं? त्यापेक्षा परसातला आड बरा. काका पहाटे ओलेत्याने त्याचं पाणी शेंदत आणि त्यावर कुणाची सावली पडायच्या आत घागर देवघरात नेत. आडापासून पंधरा-वीस पावलांवर परसाची पडकी भिंत होती. भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे सूत रंगवायचा एक कारखाना आणि त्याच्याही पलीकडे नुसता माळ. नाल्यातून अर्ध्या वस्तीची घाण वाहत होती. पण काकांचं सोवळं त्या भिंतीपाशी संपायचं. पलीकडचं ते बघत नसत, आणि जे बघितलं नाही त्याचा विटाळ होत नाही.

मला पहिल्यांदा बाहेर बसवलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आईने तीन वाक्यांत सगळं शास्त्र सांगितलं, एक घोंगडी दिली, जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, ताट आणि तांब्या दिला आणि परसातल्या पत्र्याच्या छपराखाली जागा दाखवली. दुपारपर्यंत मी रडले. संध्याकाळपर्यंत माझ्या ध्यानात आलं की माझं नशीब उघडलंय. भांडी घासायला मला कुणी बोलवू शकत नव्हतं, कारण मी भांड्यांना शिवणार कशी? दळण आण, कपडे वाळत घाल, काही नाही. आणि सगळ्यांत मोठं सुख म्हणजे मला कुणी मारू शकत नव्हतं. मला धपाटा घालायचा तर घालणाऱ्याला अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ करावी लागली असती. सोलापूरच्या उन्हाळ्यात, रहाटाने पाणी ओढून दोनदा अंघोळ करण्याइतका राग आमच्या घरात कुणालाच येत नसे.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेले. नाल्यातल्या धोंड्यांवरून उड्या मारत माळावर पोचले आणि अंधार पडायच्या आत परत आले. कुणी विचारलं नाही. बाहेर बसलेली बाई जरा आणखी बाहेर गेली तर कुणाचं काय बिघडणार? पुढच्या दोन वर्षांत मला त्या माळाचा खडा न् खडा ठाऊक झाला. तरवडाची पिवळी फुलं, दगडात दगड होऊन बसलेली टिटवीची अंडी, आणि ती टिटवी मला पाहिलं की पंख मोडल्याचं नाटक करत दुसऱ्याच दिशेला पळायची ते. मी तासन् तास तिथे बसत असे. मला तिथे फार बरं वाटायचं, घरात कधीच वाटलं नाही इतकं.

माळावरून कारखान्याचं आवार दिसायचं. तिथे बांबूंवर सुताच्या लडी वाळत घातलेल्या असत, कधी लाल, कधी निळ्या, कधी हिरव्या. ज्या रंगाच्या लडी बांबूंवर, त्याच रंगाचा नाला. गंमत म्हणून मी परसाच्या भिंतीवर कोळशाने नाल्याचा रंग लिहून ठेवू लागले. वहीला हात लावायची मला त्या दिवसांत बंदी होती, कारण वहीत सरस्वती असते. कोळशात नसते. पुढे बाहेर नसले तरी मला रोज रंग लिहायची सवयच लागली.

तीन दिवस पुरेनात, तेव्हा मी खोटं बोलायला लागले. कावळा हा फार सोयीचा पक्षी आहे. आईला फक्त एवढंच सांगायचं की तो शिवला. महिन्यातनं एकदाच्या ठिकाणी तो मला दोनदा शिवू लागला. आई माझ्याकडे क्षणभर बघायची आणि घोंगडी काढून द्यायची. काका काळजीत पडले. लांब उभं राहून ते मला म्हणाले, "तिच्या पोरीला काही बाहेरचं तर लागलं नाही ना, असं तिला विचार." मी आईला विचारलं. आई म्हणाली, "नाही लागलं म्हणावं."

शेजारी एक लिंगायत कुटुंब होतं. त्यांचं चादरींचं दुकान. तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. मी बाहेर बसले की त्या मधल्या भिंतीवरून भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायच्या. नुसतं देऊन थांबायच्या नाहीत, खुशाल येऊन माझ्याजवळ घोंगडीवर टेकायच्या आणि माझ्या डोक्यातल्या उवा बघायच्या. त्यांना शिवाशिवीची भीतीच नव्हती. "आमच्यात न्हाय बाई तसलं," त्या म्हणायच्या, "लिंग गळ्यात हाय की. मग विटाळ कुटनं यायचा?" काका हे सगळं खिडकीतून बघत, पण अव्वांचा आवाज मोठा होता आणि त्या काकांच्या देवळात नेमाने नारळ फोडत, त्यामुळे त्यांच्यापुरतं शास्त्र जरा सैल होतं.

मॅट्रिकच्या आधीच्या वर्षीचा मे महिना. आडाचं पाणी तळाला गेलेलं. मी सुट्टीचा फायदा घेऊन खोटीच बाहेर बसले होते. एका पहाटे काकांची किंकाळी ऐकू आली. पोहरा वर आला होता आणि त्यातलं पाणी गुलाबी होतं.

काकांनी एकदा पोहऱ्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. पाणी लालसर, आणि परसात बाहेरची पोरगी. त्यांना आणखी पुरावा नको होता. त्यांच्या मते मी रात्रीतून उठून दोराला हात लावला आणि आडाला विटाळ झाला, तोही डोळ्यांना दिसेल असा. इतकं ढळढळीत प्रमाण त्यांना उभ्या आयुष्यात मिळालं नसेल. घाबरलेल्या माणसाचा आवाज जसा चिरकतो तसा त्यांचा चिरकला होता, पण त्यात थोडा आनंदही होता, हे मी शपथेवर सांगते.

मला खरं काय ते ताबडतोब कळलं. भिंतीवर माझ्याच कोळशाने लिहिलेलं होतं: नाल्यात लाल आला त्याला आज पाचवा दिवस. आडाचं पाणी खाली गेलं की शेजारचं पाणी जमिनीतून त्याच्याकडे धाव घेतं, आणि आमच्या आडाचं शेजारचं पाणी म्हणजे तो नाला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण सगळ्यांना पाठ होती. आडात कुठून आलं, हे विचारायची मात्र कुणाची तयारी नव्हती. आणि मला सांगायची सोय नव्हती. मी बाहेरची नाहीच हे सांगितलं असतं तर विटाळ फिटला असता आणि खोटेपणा उघडा पडला असता. मग माळ कायमचा बंद. मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

काकांनी निकाल दिला. हिला यापुढे परसात बसवायचं नाही, लाकडं-गोवऱ्यांच्या खोलीत बसवायचं आणि बाहेरून कडी घालायची; या वेळी तर तीन दिवस उलटले तरी काका सांगेपर्यंत ती काढायची नाही. म्हणजे गप्प बसूनही माळ गेला तो गेलाच. तेव्हा मी शेवटची वटवट करून घेतली. खिंडारातून दिसत होतं की नाला त्या सकाळी निळा झालाय. मी ओरडले, "काका, तो रंग कारखान्याचा आहे. पाच दिवसांनी बघा, निळं पाणी येईल!" काका म्हणाले, "विटाळशीने भविष्य सांगू नये, असं तिला सांग." मला निरोप द्यायला मधे कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी रहाटाला सांगितलं.

मग शुद्धी सुरू झाली. आडात गोमूत्र टाकलं, गंगाजलाची जपून ठेवलेली लोटी रिकामी केली. काकांनी आडाच्या कट्ट्यावर बसून सकाळ-संध्याकाळ रुद्राची आवर्तनं केली. गुलाबी रंग ओसरत गेला. आणि पाचव्या दिवशी पोहऱ्यातून निळं पाणी आलं.

मला खोलीच्या गजाच्या खिडकीतून परस दिसत होतं. मला वाटलं, आता काका माझ्याकडे बघतील. निदान खजील तरी होतील. काकांनी पोहऱ्यापुढे लोटांगण घातलं. महादेवाचं रुद्र म्हटलं आणि महादेव उत्तराला आला, तेही निळ्या रंगात! नीळकंठ प्रसन्न झाला होता. लाल पाणी आलं ते पोरीमुळे, निळं आलं ते देवामुळे. रंगाऱ्याने मात्र दोन्ही वेळा सारखेच कष्ट घेतले होते आणि त्याला कुणी विचारलं नाही.

दुपारपर्यंत गल्लीत झालं, दुसऱ्या दिवशी पेठेत. परसात माणसं मावेनात. काका कट्ट्यावर बसून पळीपळीने तीर्थ देत होते. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाचा मुलगा पुन्हा पुन्हा नापास होत होता, सगळे हात पसरून उभे. वडील रांग लावत होते. ते काम त्यांना कचेरीत येतच होतं. मी खिडकीतून बघून बघून हसत होते. लोक रंग पितायत तर पिऊ देत, असा मला दुष्ट आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी रांगेत अव्वा दिसल्या. नीळकंठ म्हटल्यावर त्या कशा राहतील? पळीभर तीर्थाने त्यांचं भागणार नव्हतं. त्यांच्या हातात मोठा तांब्या होता. "सुनंला आटवा लागलाय," त्या काकांना म्हणाल्या, "कालच्यापास्नं पाजतोय. पोर निळ्या देवासारकं व्हईल बगा." आणि माझं हसू गेलं. ती सून मला चार-पाच वर्षांनीच मोठी होती. मी परसात बसले की लांबून हात हलवायची. नाल्यात रंगाबरोबर आणखी काय काय वाहतं ते मी रोज बघितलेलं होतं. ते सगळं तिच्या पोटात चाललं होतं, तांब्या-तांब्याने, आणि थांबवू शकणारी एकटी मी होते.

मी गज धरून ओरडले. "अव्वा, नका नेऊ! ते चांगलं पाणी नाही!" कुणी मान वळवली नाही. विटाळशीचा आवाज ऐकल्याने तीर्थाचं पुण्य कमी होतं की काय अशा बेताने काकांनी मंत्र मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. मी दारावर लाथा घातल्या. तेवढ्यात बाहेरून कडी वाजली. आईने दार उघडलं. ती फक्त बाजूला झाली.

मी धावत कट्ट्यापाशी गेले. माणसं किंचाळत मागे सरली. मी एका दमात बोलले. "मला कावळा शिवलेलाच नाही, मी खोटं बोलले. आणि जेव्हा खरा शिवला तेव्हा, गेली दोन वर्षं, काका दुपारी झोपले की मी याच आडाचं पाणी माझ्या हाताने शेंदून प्यायलेय. तेव्हा हे लाल झालं नाही की निळं झालं नाही. हा रंग कारखान्याचा आहे, नाल्यातून येतोय."

एवढ्या भाषणातलं लोकांनी नेमकं मधलं वाक्य ऐकलं. दोन वर्षं. विटाळशीच्या हातचं. याच आडाचं. मग जी पळापळ झाली! एकाने भिंतीशी जाऊन घशात बोटं घातली. एका बाईने तीर्थाची वाटी तिथेच उलटी केली आणि मला, माझ्या आईला, आमच्या सात पिढ्यांना उद्धरत ती निघून गेली. नीळकंठावर सगळ्यांनी पाणी सोडलं. सुताचा रंग पोटात गेला म्हणून त्यातल्या एकालाही ओकारी आली नव्हती. पण परस रिकामं झालं, आणि मला तेच हवं होतं.

अव्वा तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांनी शांतपणे पोहऱ्यातून तांब्या भरून घेतला. "आमच्यात विटाळ न्हाय," त्या म्हणाल्या, "आमाला चालतं की." म्हणजे ज्या एकटीला वाचवायचं होतं तिच्यावरच माझ्या पापाचा काही परिणाम होईना. मला रडू कोसळलं. कट्ट्यावर काकांचं सोवळ्याचं पांढरं उपरणं पडलं होतं. मी ते उचललं, पोहऱ्यात बुडवलं आणि अव्वांच्या हातात दिलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

अव्वांनी उपरणं पिळलं. उन्हात धरून बघितलं. नाकाशी नेलं. त्यांचा अर्धा जन्म चादरींच्या दुकानात गेला होता. "अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये तर निळ्या चादरीचं पयलं पानी हाय की!" नवी चादर पहिल्यांदा धुतली की रंग सोडते, ते पाणी. गिऱ्हाईक ओरडत आलं की त्या स्वतः त्याला सांगायच्या, पयलं पानी वतून द्या. त्यांनी तांब्या तिथल्या तिथे उपडा केला आणि काकांकडे वळल्या. "गुर्जी, चादर धुतल्यालं पानी पाजलासा व्हय ओ माज्या पोटुशी सुनंला?"

काकांनी उत्तराऐवजी निकाल दिला. आड विटाळलाय, असं त्यांनी जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी त्यावर फळ्या ठोकून घेतल्या. कारखान्याचा, रंगाचा, नाल्याचा शब्द त्यांनी मरेपर्यंत तोंडातून काढला नाही. अव्वांच्या सुनेला दीड महिन्याने मुलगा झाला, चांगला सावळा, आणि मला पेढा द्यायला अव्वा स्वतः आल्या. पुढे नोकरीत मी कितीतरी अहवाल लिहिले. हे पाणी पिऊ नका, असं आकडे देऊन बजावलं. अहवाल दप्तरात जात आणि लोक पाणी पीत राहत. तेव्हा हटकून मनात येई की सगळे आकडे खोडावेत आणि तळाशी फक्त लिहावं, या पाण्याला एका बाईने हात लावलाय. दुसऱ्या दिवशी सगळं बंद झालं असतं.

माझं नाव मात्र व्हायचं ते झालं. आड बाटवणारी पोरगी. पुढे एका स्थळाकडून माझी विचारपूस झाली होती, ती आपोआप थांबली. कॉलेजात इंटर सायन्सला मार्क बरे पडले तेव्हा मी वडिलांसमोर इंजिनिअरिंगचा अर्ज ठेवला. मुलगी इंजिनिअर होते हे त्यांनी ऐकलेलंही नव्हतं. पण मुलीचं लग्न होत नाही हे चांगलं ऐकलं होतं. "घरात ठेवून तरी काय करायचं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. आलेला कागद पुढे पाठवायची त्यांना सवयच होती. या वेळी पुढे पाठवायचा कागद मी होते.

परगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गात आम्ही दोघी मुली आणि बाकी सगळे पूल आणि धरणं बांधायला निघालेले वीर. सांडपाणी आणि पाणीपुरवठा या विषयाला तेव्हा पब्लिक हेल्थ म्हणत, आणि मुलं त्याला जे म्हणत ते इथे लिहिता येत नाही. मला तो विषय पहिल्या तासाला आवडला. त्याची प्रयोगशाळा बाहेर होती. नदीकाठी जायचं, नाल्यात उतरायचं, बाटल्या भरायच्या. पूल बांधणारे वीर नाकाला रुमाल लावून काठावर उभे राहत आणि मी गुडघाभर पाण्यात आनंदाने उभी असे. विहिरीचा उपसा वाढला की आजूबाजूचं पाणी तिच्याकडे कसं ओढलं जातं, याचं सूत्र सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा मी एकटी हसले. मी ते कोळशाने आधीच लिहिलं होतं, फक्त अक्षरं वेगळी होती. पुढे त्याच विषयाचं नाव एन्व्हायर्नमेंटल झालं आणि जे नाक धरत होते त्यांचीच मुलं त्यात जाऊ लागली.

इकडे घरी आड बंद झाला होता आणि नळ नव्हता. नळाच्या अर्जाला उत्तर येईना. वडील कारकून असूनही, किंवा म्हणूनच. तोवर पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळावरून आणायचं. तिथल्या तोटीतही चामड्याचा वायसर होता, पण काकांना वेळेवर शास्त्र आठवलं: आपत्काले मर्यादा नास्ति. आपत्काल असला तरी बायकांच्या रांगेत काका कसे उभे राहणार? वडिलांना कचेरी होती. मला आधी शाळा, मग कॉलेज आणि पुढे वसतिगृह. म्हणजे पाणी आईने आणायचं. आणि आई तीन दिवस बाहेर बसली तर पाणी कोण आणणार? त्याचाही निर्णय काकांनी त्याच शास्त्राने दिला. आमच्या घरातलं बाहेर बसणं बंद झालं. कुणी भाषण केलं नाही, चळवळ केली नाही. एका महिन्यात पिढ्यान् पिढ्यांची रूढी गेली.

वसतिगृहात मी ही हकिगत छाती फुगवून सांगत असे. एका पंधरा वर्षांच्या मुलीने घरातला विटाळ संपवला, आणि ती मुलगी मी. मैत्रिणी थक्क होऊन ऐकत. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर मी घरी आले तेव्हा हेच मी आईला ऐकवायला गेले. पुढचं दोन वर्षांचं शिक्षणही याच विषयात घ्यायचं ठरवलं होतं, तेही सांगायचं होतं. आई नळावर होती. मी तिथेच गेले. रांग मोठी होती, आई हंड्याशेजारी पायरीवर बसली होती. तिचा उजवा खांदा खाली उतरलेला मला पहिल्यांदा दिसला.

मी सगळं सांगितलं. पाणी शुद्ध करायचं शास्त्र आहे, म्हटलं. आणि मग हसून म्हटलं, "बघ, माझ्यामुळे आपल्या घरातली ती भानगड तरी गेली."

"तुझ्यामुळेच गेली," आई म्हणाली.

तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून," ती म्हणाली, "महिन्यातनं तीन दिवस मला कुणी हाक मारत नव्हतं. भाऊजी कच्चं पिठलं करायचे आणि लांबून ताट सरकवायचे. तेवढं एकच ताट मी आयुष्यात आयतं जेवले. छपराखाली पाय पसरून बसायचे. उन्हं उतरली की तुझ्या त्या टिटव्या ओरडायच्या. मी ऐकत बसायचे." रांग सरकली तसा तिने हंडा पुढे ओढला. "तू खोटं सांगून बाहेर बसायचीस ते मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. मी म्हटलं, बसू दे. आपल्याला बरं वाटतं तसं तिलाही वाटत असेल."

"मग तू दार का उघडलंस?" मी विचारलं.

"अव्वांची सून पोटुशी होती," आई म्हणाली. जणू याहून वेगळं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

आमचा नंबर आला. तिने हंडा तोटीखाली लावला. तो काठोकाठ भरला. मी म्हटलं, "मी नेते." ती म्हणाली, "तू दोन दिवस नेशील. सवय मोडली की मलाच जड जातं." मग तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "हात लाव जरा."

मी हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.